निसर्गनिबंध आणि तलवारबाजीच्या कादंबऱ्या : दोन्ही तितक्याच आवडीने वाचणारं आहे का कुणी?

जास्वंदी
पाय मोडला म्हणून सहा आठवडे घरात पडून होते. मैत्रीण भेटायला आली ती पुस्तकांचे दोन ढीग घेऊनच. एकात निसर्गावरचे निबंध, दुसऱ्यात जुन्या तलवारबाजीच्या, समुद्री चाच्यांच्या, घोडे फेकत जाणाऱ्या वीरांच्या कादंबऱ्या. म्हणाली, दुपारी कादंबरी वाच, वेळ जाईल, आणि रात्री निबंध वाच, झोप लागेल.

झालं नेमकं उलटं. पहिल्याच रात्री फ्रेंच कीटकअभ्यासक फाब्रचा पाइनच्या झाडावरच्या सुरवंटांचा लेख उघडला. हे सुरवंट एकामागे एक रांगेने चालतात, पुढचा रेशमाचा बारीक धागा सोडत जातो आणि मागचे त्या धाग्यावरून. फाब्रने काय केलं, एका मोठ्या कुंडीच्या काठावर ती रांग चढू दिली, काठ पुरता भरला तसं उरलेल्यांना बाजूला केलं आणि खाली उतरणारा धागा ब्रशने पुसून टाकला. आता पुढारी कुणीच नाही, प्रत्येकाच्या पुढे कुणीतरी आहेच. आणि ते चालायला लागले. गोल गोल. दिवसभर. रात्री थंडीने आखडून जागच्या जागी थांबायचे, ऊन आलं की परत चालू. खाणं अगदी जवळ ठेवलेलं, पण काठ सोडून उतरायचं कुणाला सुचत नाही. एक दिवस झाला, दोन झाले, तीन झाले आणि मी पांघरुणात बसून पानं उलटतेय की अरे उतरा रे कुणीतरी! रात्रीचा एक वाजला. पुढे काय झालं ते सांगत नाही, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सबातिनीची 'कॅप्टन ब्लड' घेतली. १६८५ साल, इंग्लंडच्या राजाविरुद्ध मॉन्मथचं बंड, खाली गल्लीतून माणसं मिळेल ते हत्यार घेऊन लढायला चाललीत आणि आपला नायक, जो डॉक्टर आहे, तो वर खिडकीत पाइप ओढत जिरेनियमच्या कुंड्यांची निगा राखतोय. कादंबरी धावायला लागायच्या आधीच मी त्या कुंड्यांपाशी थांबले. पुढे सगळी जहाजं, तोफा, बार्बाडोसची गुलामी वाचून झाली तरी डोळ्यासमोर ती खिडकी होतीच.

म्हणजे ज्यात काहीच घडत नाही असं समजतात त्याने मला जागवलं, आणि ज्यात सारखं काहीतरी घडतं त्याने मला एका कुंडीपाशी बसवलं. तेव्हापासून मला वाटायला लागलंय की ही दोन सुखं वेगळी नाहीतच. तुमचा काय अनुभव?

वाळवी
मस्त धागा! दोन्हीची भक्त आहे. सविस्तर लिहिते रात्री.

कोतवाल
वाचतोय. फाब्रबद्दल एक सांगायला हवं, हा माणूस शाळामास्तर होता, आयुष्यभर पैशांची ओढाताण, आणि १८७९ मध्ये म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी त्याला स्वतःची जमीन मिळाली. तीही कशी, दगडगोटे आणि काटेरी झुडपं, शेतीच्या कामाची नाही. त्याला तीच हवी होती कारण गांधीलमाश्या आणि मधमाश्या तिथेच येणार. किड्यांवरच्या दहा खंडांपैकी बहुतेक तिथेच लिहिले. मला हीच गोष्ट एखाद्या साहसकथेसारखी वाटते, खजिन्याचं बेट सापडलं आणि खजिना म्हणजे काटे.

बाणेदार
मी स्पष्टच असहमत. कादंबऱ्यांबद्दल काही म्हणणं नाही, द्यूमाची 'थ्री मस्केटिअर्स' मी चार वेळा वाचलीय आणि पाचव्यांदा वाचेन. पण निसर्गनिबंध मला झेपत नाहीत. पहिली दोन पानं धुकं, मग एक झाड, मग त्या झाडावर लेखकाला काय वाटलं, मग परत धुकं. मी तीन वेळा थोरोचं 'वॉल्डन' सुरू केलं आणि तिन्ही वेळा पहिल्याच प्रकरणात, जिथे तो घराचा जमाखर्च मांडतो, तिथे अडकलो. द्यूमाकडे बघा, पंधरा-वीस पानांत तीन माणसांशी तीन भांडणं आणि बाराला, एकला आणि दोनला अशी तीन द्वंद्वं ठरलेली! याला म्हणतात वाचकाची कदर.

वाळवी
बाणेदार, ती तीन भांडणं कशावरून होतात आठवा बरं. अ‍ॅथॉसचा जखमी खांदा, ज्यावर नायक दार्तान्यां आदळतो. अ‍ॅरामिसचा रुमाल, ज्यावर तो मस्केटिअर स्वतःच पाय ठेवून उभा असतो. आणि पोर्थोसचा पट्टा. हा पट्टा मला फार आवडतो. खांद्यावरून आडवा घेतलेला, पुढून अस्सल सोनेरी भरतकाम, सगळे बघतच राहतात. दार्तान्यां धावत येतो, वाऱ्याने फुगलेल्या पोर्थोसच्या झग्यात अडकतो आणि बाहेर पडायची धडपड करताना त्याचं नाक नेमकं त्या पट्ट्याच्या मागच्या बाजूला, आणि मागून ते नुसतं साधं चामडं! सोनं फक्त पुढच्या बाजूला. म्हणून पोर्थोसला झग्याची गरज. अख्खा माणूस त्या एका पट्ट्यात कळतो.

तर माझं म्हणणं, हे लिहिणारा माणूस पक्षी बघणाऱ्या माणसासारखाच बघतोय. वरून चकचकीत काय आणि पंखाखाली काय. द्यूमाची गती सगळ्यांना आठवते पण ती गती या अशा बारीक गोष्टींवर उभी आहे.

शिडाची होडी
वाळवी, +१. आणि त्या पिवळ्या घोड्याला विसरू नका! पहिल्याच प्रकरणात, एप्रिल १६२५, शेपटीला केस नसलेला, बारा-चौदा वर्षांचा पिवळट घोडा. वडील बजावतात की याला कधी विकू नकोस, म्हातारपणी मानाने मरू दे. आणि पोरगा पॅरिसच्या वेशीत पोचतो आणि विकून टाकतो. लहानपणी मला वाटायचं विनोदी प्रसंग आहे. आता वाचताना घोड्यासाठी पोटात तुटतं.

अनुस्वार
बाणेदार, 'वॉल्डन' पहिल्या प्रकरणापासून वाचायचं नसतं हो. मुंग्यांची लढाई वाचा आधी, 'ब्रूट नेबर्स' म्हणून प्रकरण आहे त्यात. लाल आणि काळ्या मुंग्यांचं युद्ध थोरोने सरपणाच्या ढिगाऱ्यापाशी पाहिलं, मग ती लढाई चाललेली ढलपीच उचलून घरात आणली, खिडकीत ठेवली, वर पेला पालथा घातला आणि भिंग घेऊन बसला. तुमच्या मस्केटिअर्सपेक्षा जास्त कत्तल आहे त्यात.

बाणेदार
हे आधी सांगायचं ना राव. बघतो.

रानभैरी
मी तलवारबाजी खेळते, एपे प्रकार, सात वर्षं झाली. त्यामुळे या कादंबऱ्या वाचताना माझं अर्धं लक्ष लेखकाची चूक काढण्यात असतं, सवयच लागलीय. बहुतेक लेखक तलवारींचा खणखणाट लिहितात आणि पुढे जातात. सबातिनीची 'स्कारामूश' मात्र वेगळी. त्यात नायक आंद्रे-लुई एका तलवारबाजीच्या शाळेत मदतनीस म्हणून लागतो, मोकळ्या वेळात जुने ग्रंथ वाचत बसतो आणि विचार करतो की प्रत्येक वार सुटासुटा का शिकवायचा, बुद्धिबळासारखी चार-पाच चालींची साखळी आधीच का ठरवू नये. स्वतः मास्तरवर वापरून बघतो आणि मास्तर चाट पडतो. मी हे वाचून दुसऱ्या दिवशी सरावात करून पाहिलं. पहिल्या दोन चाली जमल्या, तिसरीला समोरच्या मुलीने ठरल्याप्रमाणे वागायचं नाकारलं.

पण मुद्दा वेगळा. शिकताना पहिल्यांदा सगळे तलवारीच्या टोकाकडे बघतात आणि मार खातात. टोक फार वेगात हलतं. बघायचं असतं समोरच्याचा हात, खांदा आणि पुढचा पाय. वार टोकात दिसायच्या आधी पायात दिसतो. आणि हे मी कोचकडून ऐकलं त्याच महिन्यात बेकरचं 'द पेरेग्रिन' वाचत होते, बहिरी ससाण्यावरचं. त्यात तो ससाण्याला शोधताना आभाळात ससाणा शोधतच नाही बऱ्याचदा, तो बाकीच्या पक्ष्यांकडे बघतो. कबुतरं उधळली, टिटव्या अचानक उठल्या, बदकं पाण्यावरून उडाली, म्हणजे तो वर कुठेतरी आहे. अंगावर काटा आला होता. एकच शिकवण दोन जागी.

जास्वंदी, तुझ्या प्रश्नाला माझं हे उत्तर.

कोतवाल
रानभैरी, काय प्रतिसाद आहे! आणि अगदी खरं. शिकारी पक्षी ओळखताना रंगाच्या मागे लागलं की फसगत ठरलेली, कारण उन्हाच्या विरुद्ध सगळेच काळे दिसतात. पंखांची ठेवण, शेपटी किती लांब, पंख किती वेळा मारतो आणि किती वेळ तरंगतो, हे बघायचं. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्याने तर अठराव्या शतकात, दुर्बिणीशिवाय, दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन चिमुकले वटवटे निव्वळ आवाजावरून वेगळे काढले. त्याआधी लोक त्यांना एकच समजायचे. नुसता कान लावून.

पानगळ
'द पेरेग्रिन'चा विषय निघालाच आहे तर मला एक खटकतं ते मांडते. पुस्तकात एकच हिवाळा आहे, ऑक्टोबर ते एप्रिल, रोजनिशीसारख्या तारखा टाकलेल्या. पण प्रत्यक्षात ते दहा वर्षांचं निरीक्षण आहे, त्याने ते एका मोसमात ओतलंय. मग त्या तारखांना अर्थ काय? कादंबरीकाराने केलं तर ठीक, तो आधीच सांगतो की मी रचतोय. निबंधकाराने तारीख घातली की मी ती खरी धरते. मला कळल्यावर थोडं फसवल्यासारखं वाटलं.

जुनी पोथी
पानगळ ताई, मग तुम्हाला अजून दोन धक्के देतो. थोरो वॉल्डनच्या तळ्याकाठी दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला, १८४५ च्या ४ जुलैपासून, आणि पुस्तकात त्याचं एकच वर्ष केलं, उन्हाळ्यापासून वसंतापर्यंत. आणि गिल्बर्ट व्हाइटचं १७८९ चं पुस्तक सगळं पत्रांचं आहे ना, त्यातली सुरुवातीची नऊ पत्रं कधी टपालात पडलीच नाहीत. पुस्तकाला प्रस्तावना हवी म्हणून नंतर लिहिलेली.

उलट बाजूने बघा, द्यूमाने 'थ्री मस्केटिअर्स'ला आधार घेतला तो १७०० साली निघालेल्या 'दार्तान्यांच्या आठवणीं'चा. त्या आठवणीही दार्तान्यांने लिहिलेल्या नव्हेत, कूर्तिल्झ द सांद्रा नावाच्या दुसऱ्याच माणसाने लिहिलेल्या. पण दार्तान्यां खरा होता, १६७३ मध्ये मास्ट्रिक्टच्या वेढ्यात मारला गेला. म्हणजे खऱ्या माणसाच्या खोट्या आठवणींवरून रचलेली कादंबरी. निबंधात रचना, कादंबरीत इतिहास, सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे.

मला फसवल्यासारखं वाटत नाही. वर्षाचं चक्र पुरं झाल्याशिवाय निसर्ग सांगताच येत नाही, म्हणून तो आकार येतो. आपल्या दुर्गाबाईंचं १९५६ चं 'ऋतुचक्र' घ्या, एकेका महिन्यावर एकेक लेख. त्यातला 'वसंतहृदय चैत्र' हा काय एकाच चैत्रात पाहून लिहिलेला असेल? कित्येक चैत्र बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

पानगळ
दुर्गाबाईंनी तारखा घातल्या नाहीत, हाच तर फरक :) पण मुद्दा पटला. निदान अर्धा.

निशाचर
दोन्ही प्रकार मी सध्या मोठ्याने वाचतोय, म्हणून हा धागा बघून थांबलो. वडिलांची दृष्टी गेली दोन वर्षांपूर्वी. आयुष्यभर वाचलेला माणूस, ऑडिओबुकच्या आवाजाशी त्यांचं जमलं नाही, म्हणून रोज रात्री मी तासभर वाचतो. 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'ने सुरुवात केली. मोठ्याने वाचायला द्यूमासारखा लेखक नाही, संवादच संवाद, छोटी वाक्यं, प्रत्येक पात्राला आवाज काढायला मिळतो. १८४४ पासून ती वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्याने आली, म्हणून जिथे थांबू नये तिथेच हप्ता संपतो. तुरुंगातून निसटू पाहणाऱ्या नायकाला, एदमाँ दांतेसला, प्रेताच्या जागी पोत्यात घालून पायाला तोफेचा गोळा बांधून समुद्रात फेकतात, तिथे मी मुद्दाम पुस्तक मिटलं तर बाबा म्हणाले, तू आता झोपून दाखव.

मग मध्येच एकदा 'ऋतुचक्र' घेतलं, म्हटलं बघू. मला भीती होती, दिसत नसलेल्या माणसाला रंगांचं वर्णन वाचून दाखवायचं म्हणजे दुखावल्यासारखं होईल का. मी कोवळ्या पालवीचा भाग वाचत होतो, वाचता वाचता घाईने पुढे सरकलो, तर ते म्हणाले, मागचं परत वाच, हळू. परत वाचलं. मग अजून एकदा वाचायला लावलं. द्यूमा वाचताना ते "पुढे?" म्हणतात आणि दुर्गाबाई वाचताना "परत". या दोन शब्दांपलीकडे मला फरक सांगता येणार नाही.

जास्वंदी
निशाचर, हे वाचून काही वेळ काहीच सुचलं नाही. बाबांना नमस्कार सांगा.

वाळवी
"पुढे?" आणि "परत". काय लिहिलंय हो.

मेघदूतवाली
मोठ्याने वाचण्यावरून, चितमपल्लींचं गद्य पण मोठ्याने वाचून बघा. वन खात्यात आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे वाक्यात उगीच फुलोरा नाही. आणि शब्द! बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. शब्द मिळाला की ती गोष्ट दिसायला लागते. मी अनेक वर्षं एका झाडावर बगळ्यांचा कालवा बघत होते, तो 'गोंधळ' होता. शब्द वाचल्यानंतर ते घर झालं, मग तिथे कोण घरटं बांधतंय, कोण काड्या चोरतंय हे वेगवेगळं दिसायला लागलं.

तसंच तलवारीच्या कादंबऱ्यांचंही, शिडांची नावं, दोरखंडांची नावं, कळत नसताना वाचायला केवढी मजा येते. लहानपणी मला निम्मे शब्द कळायचे नाहीत आणि काहीही अडलं नाही.

शिडाची होडी
अवांतर : आपल्याकडे जुन्या काळी ही भूक नाथमाधवांनी आणि गो. ना. दातारांनी भागवली. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. दातारांनी इंग्रजीतल्या रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून रचल्या पण अशा काही रचल्या की परक्या वाटत नाहीत. भुयारं, गुप्त दारं, अंधारकोठड्या. आणि नंतरच्या पिढीला भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणून दिला. कुणाच्या घरी जुन्या दातारांच्या प्रती असतील तर जपा.

वाळवी
आले, म्हटल्याप्रमाणे सविस्तर लिहायला. मला या दोन प्रकारांचं नातं सगळ्यात जास्त कुठे दिसतं तर स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या 'किडनॅप्ड'मध्ये. जहाज फुटतं आणि डेव्हिड बाल्फोर एका बेटावर येऊन पडतो. समोर मुख्य भूमी दिसते, मध्ये पाणी, आणि याला पोहता येत नाही. पाऊस, थंडी, खडकावरच्या शिंपल्या कच्च्या खायच्या आणि आजारी पडायचं. चार दिवस असे काढतो. एक होडी दिसते, त्यातले कोळी त्याच्याकडे बघून हसतात आणि निघून जातात, याला वाटतं काय निर्दय माणसं. ते परत येतात, त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडतात, आणि त्यातला एक शब्द याला कळतो. ओहोटी! ते बेट भरतीलाच बेट असतं. ओहोटीला दिवसातून दोनदा पाणी उतरतं आणि माणूस चालत पलीकडे जाऊ शकतो. हा आतल्या मुलखात वाढलेला, त्याला समुद्राची ही चाल माहीत नाही, म्हणून चार दिवस मरणाच्या दारात.

सगळा थरार ओहोटीवर उभा आहे. खलनायक नाही, तलवार नाही. त्याने किनाऱ्यावर बसून एक दिवस नुसतं पाणी निरखलं असतं तर पहिल्याच दिवशी सुटला असता. तो धावला, ओरडला, रडला, पाण्याकडे बघितलं नाही.

आणि पुढे डेव्हिड नि त्याचा फरारी सोबती अ‍ॅलन ब्रेक दिवसभर एका मोठ्या खडकाच्या माथ्यावर उन्हात पडून राहतात, खाली लाल डगल्यातले शिपाई, हलायचं नाही, खडक तव्यासारखा तापलेला. निसर्ग आणि साहस वेगळं काढून दाखवा बरं कुणी इथे.

बाणेदार
वाळवी, म्हणजे डेव्हिडने निसर्गनिबंध वाचले असते तर कादंबरी चाळीस पानं लहान झाली असती! बरं झालं वाचले नाहीत :)

वाळवी
बाणेदार, मान्य :)

रेघोटी
नकाशांबद्दल कुणीच कसं बोललं नाही! 'ट्रेझर आयलंड' नकाशातूनच जन्मली. १८८१ च्या उन्हाळ्यात पावसामुळे सगळे घरात अडकलेले, सावत्र मुलाबरोबर रंगवता रंगवता स्टीव्हन्सनने बेटाचा नकाशा काढला आणि नकाशाकडे बघत असताना त्या जंगलातून माणसं डोकावायला लागली, असं त्याने स्वतः सांगितलंय. मग तो नकाशा छपाईला पाठवताना गहाळ झाला. आता काय, स्वतःचीच कादंबरी समोर घेऊन, कुठे काय लिहिलंय ते शोधून कंपासने अंतरं मोजत दुसरा नकाशा बनवावा लागला. पहिल्यात कादंबरी नकाशावरून आली, दुसऱ्यात नकाशा कादंबरीवरून. त्याला दुसरा कधीच पहिल्याइतका आवडला नाही.

मी वाचतानाही नेहमी कागदावर नकाशा काढते. 'नागझिरा' वाचताना माडगूळकरांच्या पायवाटा आणि पाणवठे काढले होते. तो कागद अजून पुस्तकात आहे.

पानगळ
एक गंभीर मुद्दा, रंगाचा बेरंग करायचा नाही पण बोलायला हवं. या कादंबऱ्यांमध्ये माणसं किती सहज मरतात. 'कॅप्टन ब्लड'मध्ये डॉक्टरला गुलाम करून बार्बाडोसला पाठवतात तेव्हा आपला संताप होतो, व्हायलाच हवा, पण त्याच बेटावर आफ्रिकेतून आणलेली असंख्य माणसं त्याच मळ्यात राबत होती, ती पानांच्या कडेलाच राहतात. लहानपणी दिसलं नाही, आता दिसल्याशिवाय राहत नाही. मी वाचणं सोडलेलं नाही, फक्त नजर बदललीय.

जुनी पोथी
अगदी योग्य बोललात. त्यात एक भर घालतो, द्यूमाची आजी सेंट-डोमिंगमधली (आजचं हैती) गुलाम स्त्री होती, आणि तिचा मुलगा, म्हणजे द्यूमाचे वडील, फ्रेंच सैन्यात जनरल झाले. पुढे कैदेत खितपत पडले, प्रकृती ढासळली, आणि अलेक्झांडर जेमतेम साडेतीन वर्षांचा असताना गेले. हे कळल्यावर मी 'माँटे क्रिस्टो'तली कोठडी पूर्वीसारखी वाचू शकलो नाही. भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्यामागे कुणीतरी खरं दिसतं.

कोतवाल
मंडळी, आता माझा हुकमाचा पत्ता. निसर्गनिबंध आणि समुद्री चाचे या दोन्हींचा मेळ पुस्तकात कशाला शोधता, असा माणूसच होऊन गेलाय. विल्यम डँपियर. सतराव्या शतकातला खराखुरा लुटारू दर्यावर्दी, स्पॅनिश गलबतांच्या मागे फिरणारा, आणि त्याच वेळी वारे, प्रवाह, झाडं, कासवं, पक्षी यांच्या नोंदी ठेवणारा. तीन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली. १६९७ मध्ये त्याचं प्रवासाचं पुस्तक आलं. डार्विननेही बीगल जहाजावर असताना डँपियर वाचला होता.

१६८१ मध्ये तो आणि त्याचे साथीदार मध्य अमेरिकेतली डेरियनची चिंचोळी पट्टी पायी ओलांडत होते. धो धो पाऊस, नद्यांना पूर, गळ्यापर्यंत पाण्यातून जायचं, मागे स्पॅनिश सैनिक. टोळीतल्या डॉक्टरचा गुडघा बंदुकीच्या दारूने भाजला, त्याला तिथल्या आदिवासींकडे मागे सोडावं लागलं (तो जगला, आणि त्यानेही नंतर पुस्तक लिहिलं). अशा सगळ्यात डँपियरने काय जपलं? जहाज सोडतानाच त्याने बांबूचं एक मोठं पेर घेतलं, आपल्या नोंदींचे कागद त्यात भरले आणि दोन्ही तोंडं मेणाने बंद केली. नद्या पोहून जाताना स्वतः भिजला, कागद भिजले नाहीत.

ते बांबूचं पेर माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. एका हातात हत्यार आणि पाठीवर मेण लावलेला बांबू.

रानभैरी
हे भारी आहे!! यावर कादंबरी का नाही कुणी लिहिली?

अनुस्वार
जवळपास लिहिलीय की. पॅट्रिक ओब्रायनची जहाजी मालिका, वीस पूर्ण कादंबऱ्या. कॅप्टन जॅक ऑब्री लढाया करणारा आणि त्याचा जिवलग मित्र डॉक्टर स्टीफन मॅट्युरिन निसर्गअभ्यासक. मॅट्युरिनला प्रत्येक बेटावर उतरून किडे-पक्षी बघायचे असतात आणि जॅकला प्रत्येक वेळी वारा गाठायचा असतो, त्यामुळे बिचाऱ्याचं बेट हातातून जातं. एका भागात मॅट्युरिन जहाजावर स्लॉथ (झाडाला लटकणारा संथ प्राणी) आणतो, त्या प्राण्याला जॅकचा चेहरा पसंत पडत नाही, मग जॅक त्याला दारूत भिजवलेला केक भरवून मैत्री करतो. मॅट्युरिनला कळतं तेव्हा त्याचा जो संताप होतो! जास्वंदी, तुझे दोन ढीग एकाच जहाजावर राहतात इथे, आणि सारखे भांडतात.

जास्वंदी
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मी विचारलं होतं की सुख एकच आहे का. निशाचर यांचं "पुढे" आणि "परत" वाचून वाटलं की नाही, दोन आहेत. मग वाळवीची ओहोटी वाचली आणि वाटलं, पुढे जायचं असेल तर आधी परत परत बघावं लागतं, म्हणजे परत एकच. आता कोतवालांचा बांबू वाचून मी ठरवायचं सोडून दिलंय.

काल प्लास्टर निघालं. अजून जास्त चालायचं नाही म्हणून खिडकीत खुर्ची टाकून बसले होते, हातात 'स्कारामूश', आणि समोरच्या तारेवर एक कोतवाल पक्षी. दर दोन-तीन मिनिटांनी झेप घ्यायचा, हवेतच किडा पकडायचा आणि परत त्याच जागेवर, तोच कोन, शेपटीची तीच दुभंगलेली कात्री. रानभैरीने सांगितल्यासारखं मी त्याच्या चोचीकडे न बघता अंगाकडे बघत राहिले. झेपेच्या आधी तो किंचित खाली बसतो, मान आखडून. पाचव्या झेपेपासून मला आधी कळायला लागलं. सातव्याला चुकले. दहाव्याला परत बरोबर. आंद्रे-लुई तोवर द्वंद्वाच्या मैदानात उभाच होता, त्याला अर्धा तास थांबावं लागलं.

कोतवाल
माझ्या नावाला जागला की पठ्ठ्या!

रेघोटी
जास्वंदी, झेपा मोजून लिहून ठेव, तारखेसकट. पानगळसाठी.

पानगळ
खऱ्या तारखेसकट! :)

निशाचर
हा धागा काल रात्री बाबांना वाचून दाखवला. डँपियरच्या बांबूपाशी त्यांनी थांबवलं आणि विचारलं की पेराची दोन्ही तोंडं मेणाने बंद केली तर कागद काढताना मेण फोडावं लागणार, रोज नवीन नोंद करायची असेल तर रोज मेण कुठून आणायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता माँटे क्रिस्टो बाजूला ठेवून डँपियर आणायचा हुकूम झालाय.

बाणेदार
अनुस्वार, मुंग्यांची लढाई वाचली. मानलं. मग त्याच झपाट्यात जास्वंदीचे सुरवंट शोधून काढले, काल रात्रीपासून वाचतोय, पाचव्या दिवसावर आलोय. एकजण काठ सोडून थोडा खाली उतरला होता, परत वर आला. कुणी काही सांगू नका.